तळहाताएवढी पर्स

कॉलेज रोडवरच्या दुकानात डिझायनर पर्सचा सेल लागला होता. नवऱ्याला मागे उभं करून मी तळहाताएवढी मोतिया पर्स आरशासमोर मिरवत होते. शेजारी पिंपळगावची एक द्राक्षबागायतदारीण आली. तिने लालभडक, भलीमोठी पर्स उचलली. मी नाक मुरडलं. तिने तीत आपला डबा, पाण्याची बाटली, द्राक्षं काढायची कात्री कोंबली, क्रेट उचलावा तसा हिसका दिला आणि ती ओरडलीच, "हीच! लय भारी हाय!"

मग माझ्याकडे वळली. "ताई, ह्या एवढ्याशीत मावतं काय?"

"मोबाईल आणि लिपस्टिक," मी ऐटीत म्हणाले.

"मंग बाकीचं कोन उचलतं?"

मी मागे पाहिलं. माझी बाटली, छत्री आणि स्वेटर छातीशी धरून नवरा गालात हसत होता.