मुलगी चिप वाचते

आमच्या दुकानात बंद पडलेल्या हार्ड डिस्क साठायच्या, आणि त्यांच्याबरोबर किस्सेही. डिस्क गिऱ्हाईक परत घेऊन जायचं, किस्सा मात्र आमच्याकडेच राहायचा! आता चार जण बसलोच आहोत तर ऐका.

बाजार नुकताच खुला झाला होता. हैदराबादेत जो तो कॉम्प्युटर घेत होता, आणि वीज अशी नाचायची की डिस्क पटापट मरायच्या. नल्लकुंट्याला एका मिठाईवाल्याच्या माडीवर आमचे वैद्य सर त्या जिवंत करायचे. सर आधी कॉलेजात फिजिक्स शिकवायचे. सोल्डरिंगला ख्वाजाभाई, आणि तिसरी मी, सुलू. जोडीला नवे कॉम्प्युटरही विकायचो.

डिस्कच्या पोटाखाली एक हिरवा बोर्ड असतो आणि त्याच्यावर किड्यासारख्या पायांची एक चिप. डिस्कनं कसं चालायचं ते सगळं त्या चिपमध्ये भरलेलं असतं, त्याला म्हणायचं फर्मवेअर. चिप काढून मशीनवर वाचायची आणि आत काय आहे, कुठलं व्हर्जन आहे ते सांगायचं, हे माझं काम. बोर्ड जळला तर अगदी त्याच व्हर्जनचा दुसरा लागतो, नाहीतर डिस्क ढिम्म हलत नाही.

मला हे काम जिवापाड आवडायचं. आईला मात्र माझ्या लग्नाचा घोर. "ते मेलेले किडे वाचायचं सोड गं आता! अशी सून कोण करून घेतंय काय की!"

*

पहिलं स्थळ आलं तारनाक्याचं. मुलाचे वडील रेल्वेतून रिटायर झालेले, तोलूनमापून बोलणारे.

"मुलगी काय करते?"

"चिप वाचते," बाबा अभिमानानं म्हणाले.

ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, "मोठ्यानं, की मनातल्या मनात?"

लग्नानंतर नोकरी सोडावी लागेल, असं त्यांनी चहाच्या आधीच सांगितलं. मी चहाच्या आधीच नाही म्हटलं. पुढच्याच महिन्यात हे गृहस्थ आमच्याच दुकानातून कॉम्प्युटर घेऊन गेले! तो त्यांच्या घरी बसवायला मीच गेले होते. बसवून झाल्यावर त्यावर क्रोशाचा रुमाल पडला, तो काही उठला नाही.

*

बर्कतपुऱ्याचे एक वकीलसाहेब होते. त्या काळच्या काही चिपांच्या पाठीवर काचेची खिडकी असायची. त्या खिडकीतून प्रखर उजेड बराच काळ आत गेला की चिप कोरी होते, म्हणून तिच्यावर स्टिकर लावलेला असतो. वकीलसाहेबांनी कॉम्प्युटर उघडून तो स्टिकर काढला. का? तर "खाली काय दडवलंय ते बघायला नको?" मग ते उघडं मशीन सगळा उन्हाळा त्यांच्या ऑफिसच्या खिडकीत पडून राहिलं.

मी चिप वाचली. आत काही नाही.

"साहेब, उन्हानं पुसली. म्हणून मशीन चालू होत नाही."

"म्हणजे माझ्या अशिलाचे कागद उन्हामुळे अडले?"

"तसंच म्हणायचं."

साहेबांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांनी सूर्याचं कारण देऊन पुढची तारीख मागितली. आणि मिळाली!

*

अफझलगंजचे एक किराणा सेठ. त्यांना चिपमधलं सगळं कागदावर हवं होतं. "मेरी चीज है, मेरे कू मालूम होना."

सरांनी प्रिंटर लावला. चिप बहुतेक रिकामीच होती, आणि रिकामी जागा मशीन 'एफ एफ, एफ एफ' अशी छापतं. सेठ कागदांचा गठ्ठा घेऊन समोर बसले. "अब पढ़ के सुनाव."

ख्वाजाभाईंनी घसा खाकरला आणि वाचायला घेतलं. एफ एफ, एफ एफ, एफ एफ... मिठाईवाल्याचा कारागीरही जिन्यात येऊन ऐकत उभा राहिला. सेठ डोळे मिटून, मान डोलवत ऐकत होते. बरीच पानं झाल्यावर त्यांनी हात वर केला.

"भाई, प्रस्तावना बहुत लंबी है. असल बात किधर से शुरू होती?"

"सेठ," ख्वाजाभाई म्हणाले, "प्रस्तावनाच है. किताब नै है."

*

एकदा सरांनी परदेशातून चिपा मागवल्या. त्या एका सरकारी कचेरीत अडकल्या. तिथले साहेब म्हणाले, रिकाम्या चिपांना एक नियम, भरलेल्यांना दुसरा. तुमच्या कुठल्या?

"भरलेल्या," सर म्हणाले. सरांना खोटं बोलता येत नाही, हे आमचं दुर्दैव.

"माल दाखवा."

आम्ही मशीन तिथे नेऊन स्क्रीनवर दाखवलं. साहेब म्हणाले, "हे नुसते आकडे आहेत. माल कुठाय?" मग त्यांनी शेजारच्या सोनाराकडून काटा मागवला. आधी भरलेली चिप तोलली. मग ख्वाजाभाईंनी जांभळ्या दिव्याखाली ती पुसून कोरी केली आणि परत तोलली. वजन तेवढंच!

साहेबांनी शेरा मारला: "चिपेत काहीही नव्हते. जे नव्हते ते आमच्यासमक्ष काढून टाकण्यात आले."



*

आता विद्यानगरचं स्थळ. मंडळी बघायला आली ती टॉवेलात काहीतरी गुंडाळून. मला वाटलं नारळ असेल. पोहे झाल्यावर मुलाच्या आईनं टॉवेल सोडला. आत हार्ड डिस्क!

"गाणंबिणं म्हणायला लावत नाही बाई आम्ही," त्या म्हणाल्या. "एवढी वाचून दाखव."

आईनं कपाळाला हात लावला. मी स्क्रूड्रायव्हर आणला. नोकरीचं विचारीन म्हणून शब्द जुळवत बसले होते, पण डिस्क हातात आल्यावर सगळं विसरले. बोर्ड जळून काळा झालेला, व्हर्जनचा स्टिकर तेवढा शाबूत होता. ते व्हर्जन मी पूर्वी एकदाच हाताळलं होतं.

"ह्याच व्हर्जनचा बोर्ड हवा."

"मिळेल कुठे?"

"तारनाक्याला," मी म्हटलं. "मला आधी बघून गेले ना, त्यांच्या घरी."

मग मुलगाच म्हणाला, "मग रविवारी जाऊ या का?" त्याचा प्रबंध होता त्या डिस्कमध्ये, बिचाऱ्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी दोन्ही घरं मिळून तारनाक्याला गेलो. रेल्वेकाकांनी रुमाल उचलून कॉम्प्युटर दाखवला. मी टेबलाखाली शिरले. वर चहा आला, तो त्यांची मुलगी घेऊन आली. अत्यंत गोड मुलगी, बोलकी. मी खाली स्क्रू काढत होते, बोर्ड बदलत होते. डिस्क गुरगुरली, फिरली, प्रबंध स्क्रीनवर आला, तेव्हा मी घामाघूम होऊन बाहेर निघाले.

बघते तर मुलाची आई रेल्वेकाकांच्या मुलीला कुंकू लावत होती!

रेल्वेकाका मुलाच्या आईला म्हणाले, "बोर्ड राहू दे तुमच्याकडेच. आहेर समजा."

परतताना आई रिक्षात माझ्या नशिबाला बोल लावत होती. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? मुलगा बरा होता. पण डिस्क चालली ह्याचा आनंद त्याहून मोठा होता, आणि तो आईपासून लपवताना मला फार त्रास झाला.

लग्नाचं बोलावणं आलं. आई चेहरा पाडून पहिल्या रांगेत बसली होती. तेवढ्यात एक भरजरी बाई शेजारी येऊन टेकल्या.

"हे लग्न तुमच्या मुलीमुळे झालं म्हणे. आमचा पण एक मुलगा आहे हो, लग्नाचा. आणि घरी एक डिस्क बंद पडलीय."

मी आईकडे बघितलं. आईनं पदर सारखा केला, ताठ बसली आणि म्हणाली,

"आधी डिस्क पाठवा. मुलाचं मागून बघू."