रकान्यात न बसलेली बांधी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षानंतरची उन्हाळ्याची सुट्टी मी धानोऱ्याच्या पुढच्या गावांत घरोघरी फॉर्म भरण्यात घालवली. कॉलेजचा संशोधन प्रकल्प होता. जंगलालगतच्या कुटुंबांना जमिनीचे हक्क मिळाले का, ते विचारायचं होतं. पाचव्या आठवड्यापर्यंत मी पार थकून गेले होते. टाचा फुटलेल्या, डोकं उन्हानं जड. तेच प्रश्न, त्याच खुणा. समोरचा माणूस काय सांगतो ते ऐकणं मी कधी सोडून दिलं, मलाच कळलं नाही.

त्या दिवशी एका वयस्कर बाईंच्या ओसरीवर बसले. त्या मोहाच्या बिया फोडत होत्या.

“बाई, सातबारा आहे?”

“नाई.”

“वनहक्काचा पट्टा मिळाला?”

“दावा टाकला हाये. आला नाई अजून.”

मी खूण केली.

“काय लिवलं वो पोरी?”

“भूमिहीन.”

त्यांचा हात थांबला. “काऊन? मले बांधी हाये ना. धान होते तिच्यात.”

“पण कागद नाही ना बाई. फॉर्ममध्ये तसंच लिहावं लागतं.”

“कागद नाई म्हून जमीन नाई काय? चाल, दाखवतो तुले.”

मला अजिबात जायचं नव्हतं. अजून चार घरं बाकी होती. पण बाई काठी घेऊन निघाल्यासुद्धा. पायवाटेनं अर्धा तास चाललो, सावली नावालाच. बांधी लहानशीच होती, मागच्या धानाची खुंटं अजून उभी. त्यांनी मला सगळ्या बांधावरून फिरवलं.

“हा बांध माह्या सासऱ्यानं टाकला. तिकडचा मी. त्या कोपऱ्यात दरसाल पाणी बांध फोडते, दरसाल माती टाका लागते. आता लिव.”

फॉर्ममध्ये दोनच रकाने होते, जमीनधारक आणि भूमिहीन. मी खूण खोडली आणि समासात लिहिलं, ‘धानाची बांधी आहे, स्वतः कसतात, पट्टा नाही.’ वाचून दाखवलं. “हं,” एवढंच म्हणून त्या परत फिरल्या.

चंद्रपूरला कॉलेजात परतल्यावर प्रकल्पाच्या सरांनी तो फॉर्म बाजूला काढला. “समासातलं मोजता येत नाही. कुठल्यातरी एका रकान्यात टाक.”

“तिसरा रकाना करता येणार नाही का?”

“मग सगळे फॉर्म पुन्हा बघावे लागतील. बघशील?”

किती घरी मी न ऐकताच तीच खूण केली असेल, ते तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. तरीही मी नाही म्हटलं. अंगात त्राणच उरलं नव्हतं. भूमिहीनांच्या आकड्यात बाईंची भर पडली. अहवालाला चांगले गुण मिळाले.

छापील प्रत आणून देईन, असं निघताना मी बाईंना कबूल केलं होतं. पुढच्या सुट्टीत जाऊ, मग त्याच्या पुढच्या, असं करता करता राहूनच गेलं. खरं तर जायची हिंमतच होत नव्हती. त्यांनी आपल्या बांधीचं पान वाचायला सांगितलं असतं. त्यांचा पट्टा आला की नाही, तेही मला माहीत नाही.