बेलरसमोर बसलेली मेंढरं

बेलर बिघडला नव्हता. बेलरसमोर मेंढरं बसली होती.

बेलरच्या ड्रायव्हरचा फोन आला तेव्हा मी प्लँटवर बॉयलरच्या माणसांशी हुज्जत घालत होते. "मॅडम, तुमीच या हितं. म्हातारा उठंना, आन् मेंढरंबी हालंनात," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. मी जीप काढली आणि नातेपुत्याच्या पुढचा रस्ता धरला.

बेलर म्हणजे काय ते आधी सांगते. ऊस तोडून नेला की रानात वाळक्या पाल्याचा जाड थर उरतो, ते पाचट. बेलर हे ट्रॅक्टरमागे जोडायचं यंत्र. ते पाचट ओढून घेतं, दाबतं आणि त्याचे गठ्ठे बांधतं. हे गठ्ठे आमच्या प्लँटवर यायचे, बॉयलरमध्ये जळायचे, त्या वाफेवर टर्बाइन फिरायचं आणि वीज ग्रिडला जायची. शेतातल्या अशा उरल्यासुरल्या काडीपाल्याला बायोमास म्हणतात. माझं पद होतं फ्युएल मॅनेजर. सोलापुरात पूर्व भागात आमचं हातमागवाल्यांचं तेलुगू घर. तिथे नान्ना, म्हणजे माझे वडील, आल्यागेल्याला सांगायचे, "मुलगी इंजिनिअर आहे, काटक्या गोळा करते." मला भयंकर राग यायचा. आता नान्ना नाहीत, आणि ते वाक्य आणखी एकदा ऐकायला मिळावं असं फार वाटतं.

आमचं खरं भांडण काडेपेटीशी होतं. खोडवा, म्हणजे जुन्या बुडख्यांतून फुटलेला ऊस, तुटला, रान मोडायचं ठरलं, की शेतकऱ्याला नांगरटीची घाई असते. पाचटात नांगर अडकतो. मग तो एक काडी ओढतो आणि संध्याकाळपर्यंत रान काळं. मी गावोगाव सभा घ्यायची. "पाचट जाळू नका, आम्हाला द्या, त्याची वीज होते," असं घसा बसेपर्यंत सांगायची. लोक माना डोलवायचे, चहा प्यायचे आणि घरी जाऊन काडी ओढायचे. त्यांचाही दोष नव्हता. बेलर आमच्याकडे एकच, आणि तो वेळेवर पोचायचा नाही.

म्हणून आमचे प्लँट मॅनेजर पटवर्धन साहेब, मूळचे पुण्याचे, त्यांनी हुकूम काढला होता. ऊसतोड टोळी बांधावरून बाहेर पडली की बेलर आत शिरला पाहिजे. तसं करायला लागलो, तर पाचट पुरतं वाळायच्या आत, ओलंच यायला लागलं. ओलं पाचट बॉयलरमध्ये नुसतं धुमसतं, वाफेचा दाब पडतो. त्या दिवशीची माझी हुज्जत त्यावरूनच चालली होती.

रानात पोचले तर बेलरच्या अगदी पुढ्यात एक म्हातारा धनगर मांडी घालून बसलेला. डोक्याला मळका पटका, मांडीवर काठी. त्याच्या भोवती मेंढरं निवांत रवंथ करत होती. पलीकडे त्याची बायको वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, बांधायला लागलीसुद्धा होती. शेतमालक तानाजीराव बांधावर उभे होते, कुणाची बाजू घ्यावी हे न कळल्यासारखे.

"आबा, उठा की. मशीन खोळंबलंय," मी म्हणाले.

"मॅडम, ह्या रानात माज्या बापानं मेंढरं बसिवली हायती. तवा हितं ऊसबी नव्हता."

मेंढरं बसवणं ही इकडची जुनी रीत. मेंढरं रात्री शेतकऱ्याच्या रानात बसतात, त्यांच्या लेंडीचं खत रानाला मिळतं, धनगराला धान्य मिळतं. उसाच्या रानात पडलेले हिरवे शेंडे, बांधावरचं गवत, यावर मेंढरांचा उन्हाळ्याआधीचा महिना निघतो. आमचा बेलर फिरला की त्या रानात लेंडी टाकायलासुद्धा मेंढरू थांबायचं नाही.

म्हाताऱ्याचं नाव बिरूआबा. "येळापूरपसनं येतोय," ते म्हणाले. "जातोय त्ये रान झाडून काडल्यालं. मेंढरं काय माती खात्यात व्हय? औंदा चरायला न्हाय घावलं, तर खांड इकायची. ह्या वयात दुसरं काय करू?"

खांड म्हणजे सगळा कळप. ते रडले नाहीत, ओरडले नाहीत, पण बोलताना हात एका मेंढीच्या मानेवर ठेवून होते, तो काही त्यांनी काढला नाही.

मी सभेतलंच भाषण सुरू केलं. कोळसा कसा संपतोय, धूर कसा वाढतोय, पाचटाची वीज किती चांगली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमची ईज लई चांगली हाय की," ते म्हणाले. "पर मेंढरं दिव्याखाली हुबी केली म्हनून पोट भरतंय का त्येंचं?"

ड्रायव्हर फिसकन हसला. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो डिझेलची टाकी तपासायला लागला. मी तानाजीरावांकडे वळले. "तुम्ही यांना आधी बसू का देत नाही?"

"माजं काय न्हाय ओ. दर साली बसत्यात त्ये. पर तुमचं मशीन म्हनतंय आत्ता न्हायतर परत न्हाय. मशीन गेलं तर मी काडी लावनार. नांगरट किती दीस थांबवू?"

"आणि मेंढरं बसलेली असताना?"

"मेंढरं बसल्याल्या रानात काडी कोन लावंल, मॅडम? कायबी इचारताय."

मी तिथेच थबकले. ज्या काडेपेटीशी मी इतके दिवस भांडत होते, ती या मेंढरांपुढे आपणहून खिशात जात होती. बेलर एका रानात, तर मेंढरं साऱ्या तालुक्यात. शिवाय मेंढरं बसतील तोवर पाचट उन्हात वाळणार होतं. मी बाजूला जाऊन साहेबांना फोन लावला.

"साहेब, बेलर मागे घेते. मेंढरं आधी, बेलर नंतर."

"मॅडम, आपण वीज बनवतो, लोकर नाही."

"ओल्या पाचटावर वीजही बनत नाहीये, साहेब."

"आणि फ्युएल यार्ड रिकामं पडलं तर?"

"तर माझी खुर्चीही रिकामी करा."

पलीकडे कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग, "एक आठवडा देतो."

बोलले खरी, पण परतताना यार्डात किती दिवसांचे गठ्ठे उरलेत तेच मोजत होते. त्या आठवड्यात यार्ड बोडकं दिसायला लागलं. टर्बाइनचा लोड कमी करावा लागला. साहेब समोरून जाताना माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघायचे. मग तानाजीरावांच्या रानातले गठ्ठे आले. चांगले खडखडीत वाळलेले. बॉयलरवाले कुरकुरले की गठ्ठ्यात लेंड्या निघतात, पण वाफेचा काटा जागचा हलला नाही. मला तर त्या दिवशी लेंड्यांचाही वास गोड वाटला.

पुढे बिरूआबांनी आपल्या भावकीतल्या वाड्यांना, म्हणजे धनगरांच्या तळांनाही, तसंच करायला सांगून ठेवलं. त्यांचा फोन यायचा, "मॅडम, हिरीजवळचं रान झालं. मशीन धाडा." आमचं वेळापत्रक ते मेंढरांमागे चालत चालवायचे. साहेबांनी हेड ऑफिसच्या रिपोर्टमध्ये याला 'स्थानिक स्टेकहोल्डरचा सहभाग' असं नाव दिलं. स्टेकहोल्डरांनी त्या दिवशी बांधावरचं गवत खाल्लं.

एकदा मी त्यांच्या वाड्यावर लोकर कातरताना बघितली आणि माझं सभेतलं भाषणच बदललं. "कोळसा खणून काढला की संपला. पाचट लोकरीसारखं आहे. कातरा, पुढच्या साली पुन्हा हजर. अशा विजेलाच रिन्युएबल म्हणतात." लोकांना हे चटकन पटायचं. बिरूआबा सभेत मागे बसले होते. तिथूनच म्हणाले, "व्हय, पर मेंढरू जगलं पायजे." सगळे हसले. मीही हसले.

काही हंगाम फार सुखाचे गेले. जीपमधली धूळ, बांधावरची ज्वारीची भाकरी, आबांची बायको हट्टानं हातावर ठेवायची ती ठेच्याची गोळी. नंतर विजेला मिळणारा दर आणि पाचट आणायचा खर्च यांचा मेळ बसेना. प्लँट बंद झाला. साहेब पुण्याला गेले. मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्याच्या बॉयलरवर लागले.

पुढच्या हंगामात फोन वाजला. "मॅडम, तानाजीचं रान झालं. मशीन धाडा."

मी बॉयलरपासून बाजूला आले. "आबा, प्लँट बंद पडला. मशीन विकलं."

मागे मेंढरांचा आवाज येत होता. "मी म्हनलं हुतं न्हवं," ते हळूच म्हणाले, "मेंढरू जगलं पायजे. तुमचं न्हाय जगलं." मग लगेच, "मंग आता तानाजी काडी लावंल की."

"लावेल, आबा."

"न्हाय लावत. मी उठतच न्हाय हितनं. तुमी बगा कुनी मिळतंय का."

आमच्या बॉयलरला पांढरा कोळसा, म्हणजे काडीपाल्याच्या दाबलेल्या कांड्या, पुरवणारा एक जण होता. मी त्याच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी वैतागून त्यानं बेलर पाठवला. ड्रायव्हरनं रानातून मला फोन केला, "मॅडम, हितं यक म्हातारा मशीनच्या म्होरं बसलाय."

"बसू दे," मी म्हणाले. "तो उठेल तेव्हा सुरू कर."

त्या पाचटाची वीज झाली नाही. पण रान काळं झालं नाही आणि खांडही विकली गेली नाही. रिन्युएबलवर मी आयुष्यात पुष्कळ भाषणं दिली. त्यातलं दरवर्षी न चुकता परत येताना मी बघितलं ते एवढंच, बिरूआबांचा फोन. यंदाचा परवाच आला.