वाढलेलं शेत

शेताच्या बांधाशी पोचले की काका आधी चपला काढायचे. काटे असोत, ऊन असो. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "बूट बाहेर काढा ने. देवघरात घालून जाता का?" मी बूट काढले, मोजेही काढले, आणि संध्याकाळपर्यंत तळपायातले काटे वेचत बसलो.

रावपुऱ्यातल्या एका ऑफिसात मी जमिनींचे प्लॉट पाडून नकाशे काढतो. तुम्ही म्हणाल, रुक्ष काम. आहेच. काका आमचे गिऱ्हाईक, रिफायनरीतून निवृत्त झालेले, राहायला शहरातच, सुभानपुऱ्यात. करजणच्या अलीकडे त्यांचं आणि धाकट्या भावाचं वडिलोपार्जित शेत होतं. मुलांपैकी कुणीच कसणार नव्हतं, म्हणून शेत बिनखेती, म्हणजे बिगरशेती, करून घरांचे प्लॉट पाडायचं दोघांनी समजुतीने ठरवलं. काकांची अट एकच होती. त्यांच्या आजोबांनी लावलेली रायण, म्हणजे आपली खिरणी, तोडायची नाही. तिच्याशेजारच्या प्लॉटवर ते स्वतःचं घर बांधणार होते.

माझ्या नकाशात ती रायण नेमकी भावाच्या प्लॉटच्या मधोमध आली. झाड ठेवून घर कुठे बांधू, असं भाऊ म्हणाले, आणि त्यांचंही खरंच होतं. सोसायटीची मोकळी जागा झाडाभोवती ठेवता आली असती, पण मग एक प्लॉट कमी पडत होता.

काका म्हणाले, नकाशाच चुकलाय. वडिलांनी त्यांना शेत पावलांनी मोजायला शिकवलं होतं. तरुणपणी या बांधापासून त्या बांधापर्यंत तीनशे पावलं भरायची. माझ्यादेखत त्यांनी पुन्हा मोजली, तर साडेतीनशे भरली.

"जोयुं ने? पाहिलंत? शेत वाढलंय. एक प्लॉट आरामात बसेल."

मी मागून चालत होतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाची पावलं किती आखूड पडतात, ते मला दिसत होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती, पण न सांगून काय करणार? सांगितलं.

काका आपल्या पायांकडे बघत राहिले. मग हसले. "म्हणजे शेत तेवढंच आहे. मीच घटलो." रायणीकडे वळून म्हणाले, "माझा प्लॉट भावाला द्या. रायणीभोवती मोकळं राहू दे."

"आणि तुमचं घर?"

"सुभानपुऱ्यात आहे ने."

खरं सांगतो, मला त्यांचा रागच आला. इतकं सहज कुणी सोडतं का?

मंजुरी आली, रस्ते झाले. काका दर रविवारी बसने यायचे आणि चपला काढून रायणीखाली बसायचे. उन्हाळ्यात प्लॉट बघायला येणाऱ्यांच्या हातावर मूठभर पिवळी रायणं ठेवायचे. भावापेक्षा त्यांनीच जास्त प्लॉट विकले असतील.

काकांना जाऊन आता दोन वर्षं झाली. परवा त्या बाजूला काम होतं, म्हणून डोकावलो. वीसेक घरं झाली आहेत. गच्च्यांवर कपडे वाळत होते, रायणीखाली बायका भाजी निवडत बसल्या होत्या, आणि कडेला लहानमोठ्या चपलांची रांग होती. मी तसाच पुढे निघालो, तेव्हा त्या बायकांतली एक म्हणाली, "भाई, बूट बहार काढजो ने. अहीं बधा काढे छे."

का काढतात, ते तिला ठाऊक नव्हतं. ती राहायला आली तेव्हापासून सगळे काढतच होते.

मी बूट काढले. मोजेही काढले.