लांडगा दाखवणारा

महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही पाच-सहा जण भिंगारहून जीप करून काळविटांच्या अभयारण्यात पायी भटकायला जातो. त्यात हा एक स्पेअरपार्टवाला. पोट सुटलेलं, आवाज लिलावातला. मोज्यात घुसलेल्या कुसळांना शिव्या घालत तो सगळ्यांच्या मागं चालतो आणि मधेच ओरडतो, "लांडगा! त्या लिंबाकडं बघा, लई मोठा हाय!" आम्ही धावतो. लांडगा कधीच नसतो. "उशीर केला तुमी," म्हणून वर तो आम्हालाच दोष देतो. थापाड्या आहे, असं आमचं कधीच ठरून गेलं होतं.

मागच्या हिवाळ्यात एकदा मीही कुसळं काढायला त्याच्याजवळ थांबलो. पायवाटेलगतच्या गवतात काळविटाचं पाडस जमिनीला चिकटून बसलं होतं. आई लपवून गेली की ती अशीच बसतात, माणूस अंगावर आला तरी हलत नाहीत. पुढं गेलेले बाकीचे जण कॅमेरे सावरत आमच्याकडं परत येत होते. यानं पाडसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलंच नाही, आणि उलट्या दिशेला हात करून बोंबलला, "लांडगा! लांडगा!" सगळे तिकडं पळाले. पोट सावरत तोही पळाला.

आधीचे लांडगेही असलेच होते का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही. पण आता तो ओरडला की मी आधी दुसऱ्या बाजूच्या गवतात बघतो, आणि मग त्याच्याहून मोठ्यानं ओरडतो, "दिसला, दिसला!"