आठ हजार ऐंशीचं बंदर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं आणि एक न कळणारं यंत्र एका खोलीत ठेवलं की ते आपोआप साठतात. नव्वदीच्या शेवटी बारामतीच्या आमच्या कॉलेजात असंच झालं. माझी डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली. संगणक विभाग माझ्याकडे कसा आला, हे मला अजूनही उमगलेलं नाही!

गच्चीवर इंटरनेटची छत्री बसली आणि आम्ही कॉलेजचं वेब पान करायला घेतलं. अशी पानं संगणकाच्या ऐंशी नंबरच्या पोर्टवर ठेवतात. पण तिथं आधीच ग्रंथालयाची यादी बसलेली. ती बंद केली आणि पुन्हा सुरूच झाली नाही तर? शेवटी पान ठेवलं आठ हजार ऐंशीवर. म्हणजे पत्त्याच्या शेवटी दोन ठिपके देऊन तो आकडा लिहायचा; नाहीतर ग्रंथालयाची यादीच उघडायची.

*

विश्वस्तांच्या बैठकीत मी समजावलं, "पोर्ट म्हणजे बंदर."

भवानीनगरचे आबा, आमचे सगळ्यात कडक विश्वस्त, म्हणाले, "बारामतीत बंदर? मग उजनी धरणाकाठच्या इंदापूरकरांनी काय नुसतं पवायचं?"

*

इंदापूरच्या एका कार्यक्रमात मी पत्ता फळ्यावर लिहिला. एक ट्रकमालक आकडा उतरवून घेत म्हणाले, "सर, ८०८० कळलं. पण गाडी एमएच बाराचीच ना?"

*

पुण्याच्या मित्राचा फोन आला. "पान सुरेख आहे रे! फक्त पुस्तकांचीच नावं आहेत, पण सुरेख!"

तो आकडा विसरला होता. सगळेच विसरत. कौतुक ग्रंथालयाचं होई आणि आमच्या पानावरची अभिप्रायाची चौकट रिकामीच राही.

आबांनी मग सरळ सांगितलं, "भाहेरच्या एका माणसानं तरी ह्ये उघडल्याचं दावा. न्हायतर फुडच्या बैठकीला छत्री उतरवतो."

माझी झोप उडाली. पोर्ट मीच निवडला होता ना!

*

आबांचा मुलगा मालवाहू जहाजावर. परदेशातून अधूनमधून घरी फोन करायचा. त्याला पत्ता सांगायचा म्हणून आबांनी विचारलं, "त्ये दोन ठिपकं म्हंजी काय?"

मी म्हणालो, "कोलन."

"आमाला समजंल असं सांगा की!"

संस्कृतच्या जोशीबाई मदतीला आल्या. "आबा, विसर्गासारखे. एकावर एक."

आबांनी बोटानं हवेत दोन ठिपके काढले. "दुःखात असत्यात, त्येच व्हय?"

"तेच!"

मला वाटलं, संपलं. खलाशाला हे काय कळणार?

*

बैठकीच्या दिवशी चौकट रिकामीच होती. आबांनी माणूस गच्चीवर धाडला. वरून पान्ह्याचा खडखडाट येऊ लागला. मी शेवटचं म्हणून पान पुन्हा उघडलं.

चौकटीत इंग्रजी अक्षरांत मराठी उमटलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

"आबा, दुःखातलं दोन ठिपकं घातलं आन् उघडलं. हितं खलाशांच्या क्लबात बसलोय. जहाज बंदरात हाय. तुमच्या बंदरात बी आलो."

आबांनी टोपी काढली. काचेला बोट लावलं, लगेच मागं घेतलं. मग खिडकीतून वर तोंड करून ओरडले,

"आरं, ऱ्हाऊ दे ती छत्री! पोरगं आत हाय!"