पडद्याची दोरी

नवऱ्याला नाही, लेकींना नाही, देवापुढंसुद्धा हे मी कधी मोठ्यानं बोलले नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळत नाही.

तेव्हा भोरला संस्थान होतं. माझा दादा कचेरीत कारकून, पण जीव सगळा फिडलमध्ये. बोलपटांतल्या गाण्यांचं वेड गावाला नुकतंच लागलं होतं. दादानं ऑर्गनवाला, क्लॅरिनेटवाला, तबलजी जमवले आणि शाळेच्या मोठ्या खोलीत कार्यक्रम ठरवला. वाजवणारे झाले, पण नायिकेची गाणी म्हणणार कोण? घरंदाज बाई चारचौघांत बोलपटातलं गाणार? आमच्या आईला कळलं असतं, तर तिनं फिडल चुलीत घातलं असतं.

गाणार होती माझी वहिनी. माहेर हिर्डोशीचं. कडेला जुन्या लुगड्याचा पडदा, त्याच्या आड ती बसणार, आणि नाव कुणाला सांगायचं नाही. आईला सांगितलं, वहिनी डोकं दुखतंय म्हणून घरी निजली आहे. वहिनीच्या सोबतीला मी. पडद्याच्या दोरीचं टोक माझ्या शेजारच्या खुंटीला, सुरगाठ मारून. गात तर मीही होते की — मग मला कुणी का विचारलं नाही?

वहिनीनं सूर लावला आणि सगळी खोली गप्प झाली. पडद्यापलीकडं बायकांची पहिली रांग, तिथंच आई. शेजारणीला म्हणाली, "कुणाची लेक म्हनायची गं? लई ग्वाड गळा हाय!"

माझी आई. मी गायला लागले की "पुरं कर" म्हणणारी.

मी — हो, मीच — सुरगाठीचं टोक ओढलं.

लुगडं खाली आलं. वहिनी डोळे मिटून गात होती, तिला कळलंच नाही. दादाचा फिडलवरचा गज थांबला, क्लॅरिनेट थांबलं, तिची एकटीची ओळ तेवढी पुढं गेली. डोळे उघडले तर समोर सासू. हे माझ्या हातानं झालं? मला खरंच वाटेना. अजून वाटत नाही.

आई उठली. "म्या सून आणली व्हती, नाटकवाली न्हाई. उद्या हिला हिर्डोशीला धाडा."

"दोरी तुटली," मी म्हणाले. कुणी विचारलंही नव्हतं.

वहिनीनं वाकून लुगडं उचललं. दोरी तिच्या हातात आली — अख्खी. तिनं दोरीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. दोरी मुठीत घट्ट आवळली आणि म्हणाली, "आत्याबाई, वन्सं काय करतील? जुनीच व्हती. तुटली."

दुसऱ्या दिवशी ती गेली. भाताची लावणी झाली, कापणी झाली, तेव्हा कुठं आईनं तिला परत आणवलं. मग ती आमच्याकडं जन्मभर नांदली. माझी बाळंतपणं तिनंच केली. गायली मात्र नाही — जात्यावरसुद्धा नाही. आणि मला "वन्सं" म्हणून हाक मारायची ती तशीच, मायेनं, शेवटपर्यंत.

दोरी तुटली नव्हती. मी सोडली होती.